ड्रिल सागात अर्ध्यात बंद पडतो? बॅटरी बदलायच्या आधी पाहा काय तापलं

प्रॉब्लेम असा आहे राजेहो. चौकटीच्या सागात १० एमएमचं भोक पाडायला घेतलं, पहिलं मस्त झालं, दुसरं जरा रडत रडत, अन तिसऱ्याला अर्ध्यात गेलं की ड्रिल खटकन बंद. ट्रिगर सोडून परत दाबला की चालू, दोन सेकंदानी परत बंद. बॅटरीवरचे तीन दिवे जळत आहेत म्हणजे चार्जिंग आहे, तरी बंद. हे माझ्यासोबत लागोपाठ तीन उन्हाळे झालं.

मी चंद्रपूर जिल्ह्यात मूलकडचा, धानाची शेती अन घरामागं टिनाच्या शेडमधे लाकडाचं काम, म्हणजे दारं, चौकटी, दिवाण, देवघर, अन पोळा जवळ आला की तान्ह्या पोळ्यासाठी पोरांचे लाकडी बैल. पहिल्या उन्हाळ्यात ड्रिल बंद पडायला लागला तर मी बॅटरी बदलली. दुसऱ्या उन्हाळ्यात बॅटरीतले सेल बदलून आणले. तिसऱ्या उन्हाळ्यात अख्खी मशीनच नवी घेतली, चांगल्या कंपनीची, ब्रशलेस म्हणजे मोटरीत कार्बन नसलेली, बिल प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलं, अन तीही सागात तिसऱ्या भोकाला बंद पडली तेव्हा मी शेडमधे मटकन खाली बसलो.

शेजारचे वाढई काका आले. सत्तरी पार केली पण अजून गिरमिट (हातानं फिरवून भोक पाडायचं हत्यार) अन पटाशीवर काम करतात. त्यांनी मशीनकडं पाहिलंही नाही, मी चकातून म्हणजे ड्रिलच्या पुढच्या जबड्यातून काढून ठेवलेला बिट उचलला, नखावर टेकवला अन म्हणाले, "काय गा, हे धार होय का? याच्यानं तं लोनी बी नाई कापनार." त्यांच्याच पेटीतली बारीक कानस घेऊन त्यांनी बिटाच्या दोन्ही ओठांना चार चार हात मारले. मी परत लावला अन एका चार्जिंगवर त्या चौकटीची सगळी भोकं झाली.

आता कोणी म्हणेल की मग सगळा दोष बिटाचाच होता. तर नाही. पहिल्या वर्षी बॅटरी खरंच बोगस होती, दुसऱ्या वर्षी सेल चुकीचे होते, तिसऱ्या वर्षी बिट बोथट अन गिअर चुकीचा होता. दुखणं वेगवेगळं पण लक्षण एकच, म्हणून दरवेळी मागच्या वर्षीचं औषध देत गेलो अन पैसे घालवत गेलो. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, ड्रिल बंद पडला की लगेच ट्रिगर दाबत बसायचं नाही, आधी पाहायचं की तापलं काय.

बिटाला बोट लावू नका, भाजते, पाण्याचा थेंब टाका. चर्र झालं अन बॅटरी मात्र नुसती कोमट असली तर गडबड बिटात, गिअरमधे नाहीतर तुमच्या जोर लावण्यात आहे. बिट ठीक पण बॅटरी हातात धरवत नाही इतकी गरम, तर पॅक लहान आहे, सेल थकले आहेत, किंवा मशीन वापरायच्या आधीपासूनच उन्हात तापत पडली होती. मोटरीचा भाग गरम अन मागच्या जाळीतून जळका वास येतो, तर गिअर, कार्बन (मोटरीत घासून झिजणारे ब्रश) नाहीतर आत भरलेला भुसा. अन काहीच तापलं नाही तरी बंद, तर कॉन्टॅक्ट, क्लच नाहीतर मधलं लॉकचं बटण. ही तपासणी सकाळी करा बाप्पा, आपल्याकडं नवतप्यात म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत दुपारी दोन वाजता टिनाखाली ठेवलेली पटाशीही गरमच लागते, त्यातून काय कळणार.

बिटापासून सुरू करतो कारण त्याला खर्च सगळ्यात कमी अन आपण पाहतो सगळ्यात शेवटी. आपला साग दिसायला गुळगुळीत, तेलकट, पण त्यात सिलिका असते म्हणजे बारीक वाळूसारखंच समजा, त्यानं धार लवकर मरते. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मधे बल्लारशाहूनच साग गेला, त्याचा आपल्याला अभिमान आहेच, पण तोच साग बिट कसा खातो ते आम्हाला विचारा. बोथट बिट लाकूड कापत नाही, घासतो. घासलं की तापते, भोकाच्या तोंडाशी काळी कड येते, धूर निघतो, मग आपण अजून जोर लावतो, मोटर जास्त करंट ओढते अन बॅटरी नाहीतर मशीनमधलं सर्किट स्वतःला वाचवायला बंद होते. ट्रिगर सोडून दाबला की परत चालू होते ते याच्यामुळंच. बिघाड नाही तो, आपल्या चुकीपासून मशीन स्वतःला वाचवून राहिली आहे.

खात्री करायची तर सोपी टेस्ट आहे. तोच बिट, तीच बॅटरी, तोच गिअर, फक्त लाकूड बदला. आंब्याच्या फळीत भोक पाडा. तिथं सरसर गेला तर बॅटरी ठीक आहे, बिट सागाला पुरत नाही. तिथंही रडला तर नवा बिट लावून पाहा. नव्या बिटानंही बंद पडला तर मग बॅटरीकडं वळा. या टेस्टला पाच मिनिटं लागतात, अन मला हे समजायला तीन वर्षं लागली.

बिट कोणता हाही भाग आहे. आपल्याकडं हार्डवेअरच्या दुकानात "ड्रिल बिट द्या" म्हटलं की जो हाताला लागला तो देतात, बहुतेक वेळा लोखंडाला भोक पाडायचा, एचएसएस म्हणजे हाय स्पीड स्टीलचा. लोखंडाचा बिट लाकडात चालतो, नाही असं नाही, पण सुरुवातीला टोक घसरते अन भोक जिथं पाहिजे तिथून दोन एमएम सरकते. लाकडासाठी मधे काट्यासारखं टोक अन बाजूला दोन कापणारे दात असलेला बिट येतो, दुकानदाराला नाव सांगून समजत नसलं तर टोकाचं चित्र काढून दाखवा. तो रेषा आधी कापते अन मग भुसा काढते म्हणून भोकाची कड स्वच्छ येते. अन भिंतीचा बिट लाकडाला कधीच नाही. माझ्या भाच्यानं एकदा तोच लावला, "मामा, हा तं एकदम नवा आहे, तरी जाऊन नाही राहिला." नवाच होता, पण भिंतीच्या बिटाच्या टोकाला वेगळ्या रंगाचा जाड तुकडा डागलेला असतो, बाणासारखा, तो विटा-सिमेंट फोडायला असतो, त्याला कापायची धार नसते. त्यानं सागाच्या फळीत भोक नाही, डाग पाडला. देवघराची फळी होती ती, आता मागच्या बाजूला लावली आहे.

याच भाच्याची अजून एक गंमत, पण यात मीही फसलो आहे म्हणून त्याला एकट्याला नाही हसत. उलट दिशेचं बटण दाबलेलं असते अन आपण भोक पाडत राहतो. नवाकोरा बिट, फुल बॅटरी, अन फक्त धूर. बिट उलटा फिरला की कापतच नाही. स्क्रू काढल्यानंतर भोक पाडायला घेतलं की हे हमखास होते, म्हणून धूर दिसला की पहिले दिशा पाहा मग धार.

खोल भोक असलं तर एका दमात नका जाऊ. बिटाच्या जाडीच्या तीन-चार पट खोल गेलं की फिरता बिट बाहेर काढा, नाल्यांमधला भुसा झटका, परत घाला. नाल्या भरल्या की भुसा आतच दाबला जाते अन बिट पकडते, ओल्या लाकडात तर अजूनच.

आता गिअर. मशीनच्या डोक्यावर १ अन २ लिहिलेली पट्टी असते. बऱ्याच जणांची ती घेतली तेव्हा २ वर असते अन मरेपर्यंत २ वरच राहते. २ म्हणजे वेग जास्त ताकद कमी, १ म्हणजे वेग कमी ताकद जास्त, ट्रॅक्टरसारखंच की, चिखलात टॉप गिअर टाकून कोणी वखर ओढते का. सहा-सात एमएमपर्यंतचे बारीक बिट २ वर, त्याच्या वरचे, कपवाले, ऑगर (लांब पेचदार बिट), होल सॉ (गोल करवत) अन सगळे स्क्रू १ वर. माझी तिसऱ्या वर्षीची नवी मशीन बोथट बिट घेऊन २ वर १० एमएम पाडत होती, बंद नाही पडणार तर काय करणार बिचारी. गिअर बदलताना मशीन थांबलेली पाहिजे, फिरतीवर पट्टी ढकलली तर आतले दात जातात अन ते दुखणं मग खरंच सर्व्हिस सेंटरचं आहे.

बॅटरीवर जरा जास्त लिहितो कारण माझे सगळ्यात जास्त पैसे तिथं गेले अन फसवणूकही तिथंच जास्त आहे.

पहिली मशीन मी बाजारातून घेतली होती, पेटीवर मोठ्या अक्षरात ४८ व्होल्ट, सोबत दोन बॅटऱ्या अन बिटांचा डब्बा फुकट. दुकानदार म्हणाला १८ वाल्यापेक्षा अडीचपट ताकद. मी शेतकरी माणूस, ४८ मोठे का १८ मोठे एवढं तर समजते, घेतली. नंतर ती मेल्यावर उघडली तर आत पाच सेल. लिथियम-आयनच्या एका सेलचा व्होल्टेज सरासरी ३.६ अन फुल चार्जला ४.२ असतो. पाच सेल एकामागं एक जोडले की १८ होते, फुल चार्जला २१. बस, त्याच्या वर नाही जात. खरे ४८ व्होल्ट पाहिजे असले तर ई-सायकलच्या बॅटरीसारखे १३ सेल ओळीत लागतात, ते त्या मुठीखालच्या डबीत मावतील कुठं. म्हणून ४८, ८८, १२८ अन पुढं व्हीएफ असं काही लिहिलेलं दिसलं की तो आकडा सोडून द्या, पेटी खाली ठेवा. चांगल्या कंपन्यांतही १८ अन २० चा गोंधळ आहे पण तो फसवणुकीचा नाही. डिवॉल्टची जी बॅटरी अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स म्हणून विकतात तीच युरोपात १८ व्होल्ट म्हणून विकतात, एक आकडा फुल चार्जचा अन एक सरासरीचा. १२ व्होल्टवाल्यातही तीनच सेल असतात, सरासरी १०.८.

म्हणून व्होल्ट पाहून झाले की एएच पाहा, एएच म्हणजे अँपिअर-आवर, बॅटरी किती साठवते ते. १८ व्होल्ट २ एएच म्हणजे ३६ वॉट-आवर, ४ एएच म्हणजे ७२. पण नुसतं जास्त वेळ चालते एवढाच फरक नाही, हेच लोकांना सांगायचं राहून जाते. २ एएचच्या पॅकमधे पाच सेल एकाच ओळीत असतात. सागात मशीन अडली अन तिनं २० अँपिअर ओढले तर प्रत्येक सेलमधून पूर्ण २० जातात. ४ एएचच्या बहुतेक पॅकमधे दहा सेल असतात, दोन दोनच्या जोड्या, म्हणजे एकेकावर १० च. अन उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, करंट अर्धा झाला की त्या सेलची गरमी पाव होते. म्हणून तीच मशीन मोठ्या पॅकवर जोरात चालल्यासारखी वाटते अन बंद कमी पडते. काही नव्या पॅकमधे पाचच पण जाड सेल येतात, तेही चांगले. तोटा एकच, वजन. डोक्यावर हात करून छताला प्लाय मारायची असली तर लहान पॅक लावा, चौकटीला मोठा.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. बॅटरी मेली, नवी महाग, तर तालुक्याला एक जण सेल बदलून देतो म्हणून कळलं. दिली. त्यानं छान काम केलं, पत्ती स्पॉट वेल्डिंग करून, वरून टेप, अन म्हणाला की आधीचे १५०० चे होते आता ३००० चे टाकले. दोन दिवस स्क्रू मारले, छान. सागात घेतलं अन बंद. त्याचं बेइमानीचं काम नव्हतं, त्यालाही माहीत नव्हतं अन मलाही, की सेल किती साठवतो हे वेगळं अन एका दमात किती देऊ शकतो हे वेगळं. पॉवर बँकेतला सेल खूप साठवतो पण हळूहळू देतो, ड्रिलला पाहिजे ते एकदम २०-२५ अँपिअर. मोठा रांजण अन त्याला काडीएवढी तोटी, असं झालं ते. सेल बदलायचेच असले तर जास्त करंट देणारे, पॉवर टूलचे आहेत का हे विचारा. अन १८ एमएम जाड ६५ एमएम लांब त्या साध्या सेलवर कोणी ६००० नाहीतर ९९०० एमएएच लिहिलं असलं तर ते खोटं आहे, त्या साइजचे चांगल्यातले चांगले सेल साडेतीन हजाराच्या आसपास थांबतात. घरी पॅक उघडून तारा लावू नका, लिथियम शॉर्ट होऊन पेटली की सहजासहजी विझत नाही, अन आपल्या शेडमधे खाली काय असते? भुसा.

पॅक थकला का हे पाहायचं तर मल्टिमीटर लागतो, मोटर पंपासाठी बहुतेकांच्या घरी असतोच. फुल चार्ज करून अर्धा तास ठेवा, १८ व्होल्टच्या पॅकवर २० च्या वर दाखवलं पाहिजे. १९ च्या खालीच अडकला तर एखादा सेल मागं पडला असं समजा. आकडा बरोबर येतो पण लाकडाला लावला की बसतो, तर सेल म्हातारे झाले. हळूहळू वेग कमी होत होत थांबणं म्हणजे बॅटरी संपली, अन जोरात चालता चालता खटकन थांबणं म्हणजे बहुतेक वेळा लोड जास्त झाला, हा फरक कानानं ओळखता आला पाहिजे.

अन आपल्याकडचं खास दुखणं म्हणजे ऊन. लिथियम सेल साधारण ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायचा नसतो, म्हणून चांगला चार्जर बॅटरी गरम असली की चार्जिंग सुरूच नाही करत, लाल दिवा लुकलुकवत बसतो. आता मे महिन्यात बाहेर ४५-४६, टिनाखाली त्याच्याही वर, बॅटरी काम करून आणखी तापलेली, ती थंड होणार कधी? मी चार्जर बिघडला म्हणून त्याला घेऊन बसनं सर्व्हिस सेंटरला गेलो होतो, तिथं एसीत लावला अन चालू झाला, तिथल्या पोरानं माझ्याकडं असं पाहिलं की विचारू नका. तेव्हापासून चार्जर शेडमधे नाही, घरात मधल्या खोलीत जमिनीवर. चार्जिंग पहाटे. काम झालं की बॅटरी काढून अर्धा तास सावलीत, मग चार्जर. फ्रिजमधे ठेवायचा शहाणपणा करू नका, बाहेर काढली की आत पाणी सुटते. कूलरसमोर ठेवलं तर चालते पण तुषार उडतात तिथून लांब. गाडीच्या डिक्कीत तर बिलकुल नाही. अन धानाच्या कामात दोन महिने मशीनला हात लागत नाही, तेव्हा बॅटरी अर्धी चार्ज करून घरात ठेवा, फुल नाही अन रिकामी तर नाहीच.

लाइटचंही एक आहे. संध्याकाळी आमच्याकडं व्होल्टेज इतकं उतरते की पंख्याची पाती मोजता येतात. चार्जरवर २२०-२४० लिहिलेलं असते, बरंच खाली गेलं की माझा चार्जर मधेच सोडून देतो, सकाळी पाहावं तर पॅक अर्धाच. हेही "बॅटरी लवकर उतरते" मधे मोजलं जाते, उतरत नाही ती, भरलेलीच नसते.

काही तापलं नाही अन बंद, याचे प्रकार पटापट सांगतो. कट-कट-कट आवाज येतो अन चक थांबतो, तर क्लचची कॉलर (चकामागचं फिरतं कडं) आकड्यावर आहे, ती ड्रिलच्या चित्रावर फिरवा. आकडे स्क्रूसाठी असतात. हातोडीचं चित्र भिंतीसाठी, लाकडाला नाही. चक फिरतो पण बिट जागेवर, तर जबडा घट्ट नाही, गोल दांड्याचा मोठा बिट बोथट असला की हमखास घसरतो, सहाकोनी दांड्याचा घेतला तर त्रास कमी. बॅटरी हलवली की चालू होते, तर कॉन्टॅक्टमधे भुसा आहे, बॅटरी काढून कोरड्या ब्रशनं साफ करा, पाणी नाही अन रॉकेल तर नाहीच नाही. ट्रिगर दबतच नाही तर दिशेचं बटण मधे अडकलं आहे. बिट डोलतो तर आधी दुसरा बिट लावून पाहा, तोही डोलला तर जबडे पूर्ण उघडून आत पाहा, बहुतेक चकांत तळाशी एक स्क्रू असतो तो ढिला झाला असेल. तो उलट्या आट्याचा आहे, काढायला उजवीकडं अन आवळायला डावीकडं, उलटं करून त्याचं डोकं खराब नका करू.

कार्बनवाल्या मशीनमधे मागच्या जाळीतून ठिणग्या जास्त दिसायला लागल्या अन मशीन ठोका मारल्यावर चालू होते, तर कार्बन संपले. स्वस्तातल्या बऱ्याच मशीनींत ते बाहेरून बदलता येत नाहीत. ब्रशलेसमधे हे दुखणंच नाही अन त्याच बॅटरीवर काम जास्त होते, पण सर्किट गेलं तर गावात कोणी करून देणार नाही. रोजचं काम असलं तर ब्रशलेस घ्या, वर्षातून चार दिवस लागत असली तर कार्बनवाली चांगल्या कंपनीची पुरते.

आता नवी घ्यायचीच असली तर. फक्त बिजागरी, कडी-कोयंडा, प्लायचे कपाट असं काम असलं तर १२ व्होल्ट घ्या, हलकी असते, हात नाही दुखत, १० एमएमचा चक पुरते. साग, बाभूळ, चौकट, पलंग असलं तर १८ व्होल्ट, १३ एमएमचा लोखंडी चक, दोन गिअर. टॉर्कचे म्हणजे फिरवायच्या ताकदीचे दोन आकडे असतात, हार्ड अन सॉफ्ट, पेटीवर मोठ्या अक्षरात हार्डचा छापतात, तुम्ही लाकडासाठी सॉफ्टचा आकडा विचारा. अन मशीन पाहायच्या आधी बॅटरी पाहा कारण एकदा एका कंपनीची बॅटरी घेतली की पुढचा ग्राइंडर, जिगसॉ त्याच बॅटरीवरचा घेतला जाते. एकाच कंपनीतही सगळ्या बॅटऱ्या एकमेकीत बसत नाहीत, मकिताची १८ व्होल्टची एलएक्सटी अन ४० व्होल्टची एक्सजीटी वेगळी, बॉशची निळी अन हिरवी मशीन १८ चीच असली तरी बॅटरी वेगळी. ऑनलाइन स्वस्तात नुसती मशीन दिसली म्हणून मागवू नका, त्यात बॅटरी-चार्जर नसते, माझ्या साळ्यानं मागवली होती, दोन महिने शोकेसमधे होती.

सर्व्हिस सेंटर किती लांब ते आधी विचारा. नागपूरला जाऊन लकडगंजात लाकूड पाहत फिरायला मला आवडते, पण हातात बंद मशीन घेऊन नाही.

मशीनला जेवढे पैसे तेवढ्याच्या पाव हिस्सा तरी बिटांना ठेवा असं माझं मत आहे, फुकटच्या शंभर नगांच्या डब्ब्यात कामाचे पाच निघत नाहीत. माझ्या पेटीत सध्या लाकडाचे ३, ४, ५, ६, ८, १० एमएम, त्यातले ३ अन ८ दोन दोन कारण ३ तुटतो अन ८ पोळ्याच्या बैलांच्या चाकांना लागतो, ऑटो हिंजसाठी ३५ एमएमचा कपवाला, कार्बाइड दातांचा, प्लायमधला गोंद साध्या धारेला लवकर खातो म्हणून, एक काउंटरसिंक (स्क्रूचं डोकं आत बसवायला खळगा करणारा), अन पीएच २ चे स्क्रू बिट मूठभर. स्क्रू बिटात पीएच (फिलिप्स) अन पीझेड (पोझिड्राइव्ह) वेगळे असतात, पीझेडला चार मोठ्या रेषांच्या मधे चार बारीक रेषा असतात, आपल्याकडचे स्क्रू जास्त करून पीएच. चुकीचा लावला की डोकं खराब होते अन लोक म्हणतात मशीनला ताकद नाही.

सागात स्क्रू थेट मारू नका. ८ नंबरचा स्क्रू साधारण ४.२ एमएम जाड असतो, सागात आधी ३ एमएमचं भोक, आंब्यात अडीच चालते. आट्यांना मेण घासा, मेणबत्तीचं चालते. पितळी स्क्रू असले तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून काढा अन मग पितळी हातानं बसवा, नाहीतर त्याचं डोकं तुटून हातात येते अन उरलेला सागात राहतो.

मागच्या महिन्यात बाभळीच्या जुवाला शिवळींसाठी (बैलाच्या मानेच्या बाजूच्या खुंट्या) भोकं करायची होती, २५ एमएमची चार. ऑगर लावला, गिअर १ वर, ४ एएचचा पॅक, बाजूचं हँडल घट्ट धरून कारण ऑगरचं टोक लाकडात शिरलं की मशीनच मनगट फिरवते. दोन भोकं झाली, मग हात लावला तर बॅटरी चांगलीच गरम, बिट मात्र ठीक. पॅक सावलीत ठेवला अन काकांना आवाज दिला. ते गिरमिट घेऊन आले, बसले, अन अर्ध्या तासात उरलेली दोन करून दिली. मधे एकदा थांबले, गिरमिटाचं टोक मला दाखवलं अन म्हणाले, "पाय, तापलं का?"